बाण कुठे आहेत?

एप्रिल संपत आला की महाबळेश्वरला आलेला पर्यटक वेण्णा तलावाच्या काठी स्ट्रॉबेरी विथ क्रीमचा शेवटचा ग्लास संपवत असतो. तिथल्या शेतकऱ्याचा पुढचा हंगाम तेव्हाच सुरू झालेला असतो. परदेशातून येणाऱ्या मदर प्लांटची नोंदणी, त्यासाठी पैशांची जुळवाजुळव, रोपवाटिकेसाठी खाली वाईच्या बाजूला जागा, अशी ही सुरुवात असते. फळ हातात यायला अजून सहा-सात महिने असतात आणि त्या सहा-सात महिन्यांत एकही काम आपल्या मर्जीने पुढे-मागे करता येत नाही.

देशातल्या स्ट्रॉबेरीचा जवळपास ८५ टक्के वाटा महाबळेश्वर-पाचगणी परिसराचा मानला जातो. २०१० मध्ये या फळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या पिकाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या वेळापत्रकात आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तर इथे ५९४.४ मिलिमीटरची नोंद झाली. अशा पावसात कोवळी रोपे वर डोंगरावर टिकणे कठीण, म्हणून बऱ्याच रोपवाटिका घाटाखाली, कमी पावसाच्या पट्ट्यात होतात. मे-जूनमध्ये मदर प्लांट लागतात, त्यांना रनर म्हणजे आडवे धुमारे फुटतात, रनरची रोपे होतात आणि पाऊस ओसरला की ती वर येतात. तोवर वर गादीवाफे झालेले हवेत, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या हव्यात, मल्चिंगचा कागद पसरलेला हवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागण झाली की नोव्हेंबरअखेरीपासून फळ सुरू होते. आधी येणाऱ्याला बाजार मोकळा सापडतो आणि चार पैसे जास्त मिळतात. जानेवारी ते मार्च सगळ्यांचेच फळ येते, मग भाव खाली येतो आणि नरम माल पल्पसाठी प्रक्रिया उद्योगाकडे जातो.

हे सगळे तिथल्या कुठल्याही बागायतदाराला तोंडपाठ असते. त्याच्यापुढे कुणी लॅपटॉप उघडून ‘प्रोजेक्ट प्लॅनिंग’ हा शब्द काढला तर तो हसेल आणि त्याचे हसणे रास्तही असेल. तरीही एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. त्याच्या डोक्यातला हंगाम कागदावर काढला तर दहा-बारा चौकटी होतात: मदर प्लांट, रोपवाटिका, माती परीक्षण, वाफे, ठिबक, मल्चिंग, लागण, मजूर, पनेट (फळांच्या छोट्या डब्या) आणि खोकी, गाडी, बाजार. या चौकटी कुणीही काढील. शेतकऱ्याचे ज्ञान असते ते चौकटींच्या मधल्या बाणांत. मल्चिंगचा कागद ठिबकच्या आधी अंथरता येत नाही. वाफे पावसाची उघडीप मिळाल्याखेरीज नीट होत नाहीत. रोपे मात्र कुणासाठी थांबत नाहीत. वाफे तयार नसले तरी ती पिशवीत वाढत राहतात. पनेटची खरेदी लागणीची वाट पाहत नाही, ती कधीही उरकता येते. म्हणजे दोन कामे एकमेकांना बांधलेली आहेत, तिसरे मोकळे आहे आणि चौथे आभाळाच्या हाती आहे. कुठले काम कशासाठी अडून राहते, हे कळले की नियोजन झाले. बाकी सगळी रंगरंगोटी.

आज आपल्याकडे आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरचा सुळसुळाट आहे, पण नेमके हे बाणच त्यांत दिसत नाहीत. कंपनीच्या बैठकीत, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत, नगरपालिकेच्या सादरीकरणात, शाळेच्या विकास आराखड्यात सगळीकडे चौकटी असतात. गोल कोपऱ्यांच्या, सावली पडलेल्या, निळ्या-केशरी. एका चौकटीतून दुसरीकडे जाणारी रेघही असते, पण तिला अर्थ नसतो. ती चौकटी सुट्या दिसू नयेत म्हणून मारलेली असते.

ज्याने ड्रॉ डॉट आयओ किंवा व्हिजिओ एकदा तरी उघडले आहे त्याला एक गंमत ठाऊक असेल. पडद्यावर दोन चौकटी काढायच्या. त्यांच्यामध्ये नुसती रेघ ओढायची, म्हणजे रेघेचे टोक चौकटीजवळ न्यायचे पण चिकटवायचे नाही. चित्र अगदी बरोबर दिसते. आता एक चौकट माउसने धरून बाजूला सरकवायची. चौकट जाते आणि रेघ जागच्या जागी हवेत लोंबकळत राहते. तेच टोक चौकटीच्या कडेवरच्या बिंदूला नेऊन चिकटवले, तर चौकट कुठेही न्या, बाण तिच्या मागे वळणे घेत जातो. छापील कागदावर ही दोन्ही चित्रे सारखीच दिसतात. फरक कळतो तो काहीतरी हलवल्यावर.

प्रकल्पाच्या तक्त्याचेही तसेच आहे. आपल्या बहुसंख्य कार्यालयांत गँट चार्ट म्हणून जे काही होते ते एक्सेलमध्ये होते. डावीकडे कामांची यादी, वर महिने आणि मधल्या चौकोनांत रंग भरलेला. दिसायला झकास. पण मे महिन्याचे काम जूनवर गेले की ज्याने रंग भरला त्यानेच तो पुसून पुढे भरायचा, मग त्याच्या खालचे, मग त्याच्याही खालचे. तिसऱ्या बदलानंतर हा उद्योग कुणी करत नाही. तक्ता भिंतीवर मार्चचाच राहतो आणि काम प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये पोहोचलेले असते. गँटप्रोजेक्ट किंवा प्रोजेक्टलिब्रसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘हे संपल्यावर ते सुरू’ असा दुवा एकदा जोडला, की एका कामाची तारीख पंधरा दिवसांनी ढकलताच त्याला बांधलेली सगळी कामे आपोआप पुढे सरकतात. त्यात जूनअखेर संपायचे काम सरळ सप्टेंबरमध्ये जाऊन पडलेले दिसते, कारण मधले दोन महिने पावसाचे म्हणून बंद ठेवलेले असतात. पंधरा दिवसांची ढिलाई अडीच महिन्यांना पडते, हे भाषणापेक्षा त्या सरकत्या पट्ट्यांतून लवकर उमगते. डोंगरावर बांधकाम करणाऱ्या कुणालाही याचा अनुभव असतो. मेअखेर छत पडले नाही, तर ते दिवाळीलाच पडते.

या तक्त्याच्या जन्मकथेतही बाणांची उणीव आहे. १८९६ च्या सुमारास पोलादाच्या कारखान्यांत काम करताना पोलिश अभियंता कारोल अडामिएत्स्की याने कामांचा मेळ दाखवणारा पहिला तक्ता केला. पण तो त्याच्या भाषेपुरताच राहिला आणि नाव झाले ते १९१० च्या दशकात अमेरिकेत तसेच तक्ते रुजवणाऱ्या हेन्री गँटचे. गँटच्या मूळ तक्त्यांत कुठले काम कशावर अवलंबून आहे, हे दाखवणारे बाण नव्हतेच. कारखान्यातल्या यंत्रावर कुणी किती काम केले, हे पाहण्यासाठी ते पुरेसे होते. बाण आले १९५७ मध्ये. ड्यूपाँ या रसायन कंपनीचा मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी कामांची साखळी संगणकावर मांडली आणि तिच्यातली सर्वांत लांब वाट शोधायची रीत बसवली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी अशीच दुसरी पद्धत काढली. या रीतीतून निघालेला धडा साधा आहे, पण आजही पचायला जड जातो. काम लांबले की सगळ्यांनाच घाईला लावू नये. जी चार-पाच कामे त्या लांब वाटेवर आहेत, तेवढ्यांनाच जास्त माणसे आणि जास्त पैसा द्यावा. बाकीच्यांना दिलेला ओव्हरटाइम फुकट जातो. आपल्याकडे मार्चअखेरीला साहेब सगळ्या खात्यांवर सारखेच ओरडतात, तेव्हा त्यांच्यासमोर बाणांचा तक्ता नसतो, एवढे खात्रीने सांगता येते.

बाणांचे महत्त्व पाहायचे तर सांगली जिल्ह्यातल्या मिरजेपर्यंत जायला हवे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराचा पाणीपुरवठा जवळपास आटला होता आणि कृष्णेचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यायचे ठरले. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत. ११ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पाणी होते सुमारे पाच लाख लिटर. देशभरच्या कॅमेऱ्यांना दिसली ती गाडी. ‘जलदूत’ हे नावही गाडीलाच मिळाले.

आता तोच उपक्रम चौकटी-बाणांत मांडून पाहू. टाकी-वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने स्वच्छ करायच्या. त्या मिरजेला आणायच्या. मिरजेत पाणी रेल्वे यार्डापर्यंत पोहोचवायचे आणि वाघिणी भरायची सोय करायची. गाडी चालवायची. लातूरच्या स्टेशनजवळ पाणी उतरवायला विहीर ठरवायची, तिच्यातून ते उपसायचे, पुढे टँकरने शहरभर वाटायचे. या सगळ्यांत रेल्वेचा प्रवास ही सर्वांत छोटी चौकट होती, एका दिवसाच्या आतली. वाट अडली होती भरण्यापाशी. पन्नास वाघिणी भरण्याजोगी जलवाहिनी मिरजेत अजून पूर्ण व्हायची होती, म्हणून पहिल्या फेऱ्या दहाच वाघिणींच्या गेल्या. वाहिनीचे काम झाल्यावर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पन्नास वाघिणींची गाडी सुटली आणि एका फेरीचे पाणी २५ लाख लिटरवर गेले. पुढे पावसाळ्यापर्यंत या फेऱ्या चालू राहिल्या.

इथे दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की कोट्यात वाघिणी धुण्याचे, मिरजेत नळ टाकण्याचे आणि लातुरात विहीर तयार करण्याचे काम एकाच वेळी चालू ठेवता आले, कारण त्यांच्यात बाण नव्हते. दुसरी जास्त बोलकी आहे. सगळी जलवाहिनी होईपर्यंत थांबायचे नाही, जेवढे भरता येते तेवढे घेऊन गाडी सोडायची, असा निर्णय झाला. ‘पूर्ण झाल्यावर सुरू’ हा बाण मोडून ‘थोडे झाल्यावर सुरू’ असा केला गेला. नियोजनाची पुस्तके याला मोठमोठी नावे देतात. मिरजेच्या यार्डात ते तहानेने करून घेतले.

याउलट चित्र आपण दर वर्षी पाहतो. नवा डांबरी रस्ता होतो आणि महिन्याभरात पाण्याची पाइप टाकायला तो खणला जातो. याला लोक भ्रष्टाचार म्हणतात आणि कधी कधी तो असतोही. पण बऱ्याचदा बांधकाम विभागाचा तक्ता वेगळा असतो, पाणीपुरवठ्याचा वेगळा, वीज कंपनीचा तिसरा. प्रत्येकाच्या तक्त्यात आपापल्या चौकटी बिनचूक असतात. एका खात्याच्या कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर जाणारा बाण मात्र कुणाच्याच कागदावर मावत नाही. एवढी एक रेघ न मारल्याने किती डांबर वाया जाते, याचा हिशेब एखाद्या नगरपालिकेने एका वर्षापुरता जरी केला, तरी तो वाचण्यासारखा होईल.

आकृतीचे साधन हाती असले की माणूस रंगांच्या नादी लागतो, ही दुसरी खोड. हिरवे म्हणजे झाले, पिवळे म्हणजे चालू, लाल म्हणजे अडले. ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की तिच्याबद्दल कुणी विचारही करत नाही. सांगली जिल्ह्यातच यावर एक मजेशीर उतारा सापडतो. पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडजवळच्या माळरानावर नांगरांचा कारखाना आणि त्याभोवती आखीव गाव त्यांनी उभे केले. हेच लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला गेले होते. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले आणि रंगकाम सुटले. मग ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. रंग बाजूला पडले आणि रेघ हाती आली. त्या रेघेवर पुढे एक उद्योगनगर उभे राहिले. आजच्या एखाद्या बैठकीत लाल-हिरव्या ठिपक्यांचा तक्ता त्यांच्यासमोर धरला असता, तर मराठी मुलखातल्या एका थोर कारखानदाराला त्यातले काही कळले नसते! असे रंगांधळेपण पुरुषांत दुर्मीळ नाही. शिवाय बहुतेक तक्ते कार्यालयातल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवरच छापले जातात. तेव्हा ‘अडले आहे’ हे शब्दांत लिहावे, बाणावर लिहावे आणि कशामुळे अडले तेही लिहावे. रंग नंतर.

आणि ते मराठीत लिहावे. साताऱ्याच्या एखाद्या ठेकेदाराचा तक्ता इंग्रजीत असतो आणि त्याच्या हाताखालचा मुकादम, सेंट्रिंगवाला, फिटर हे सगळे मराठी किंवा हिंदीत विचार करतात. ज्यांनी काम करायचे त्यांनाच तो वाचता येत नाही, मग तो दुरुस्त कोण करणार? मराठीत आकृती काढणे मात्र अजून विनासायास होत नाही, हेही मान्य करायला हवे. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की रोमन अक्षरांचा कचरा होतो. युनिकोड वापरले तरी काही सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढताना जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ड्रॉ डॉट आयओची आकृती एसव्हीजी स्वरूपात साठवून दुसऱ्या चित्रप्रणालीत उघडली, तर चौकटी दिसतात आणि आतला मजकूर गायब होतो, कारण तो मजकूर वेब पानाच्या पद्धतीने साठवलेला असतो. त्यावर इलाज साधा आहे. चौकटीतल्या मजकुराचे ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ आणि ओळ मोडण्याची सोय बंद करायची, किंवा सरळ पीएनजी चित्र काढायचे. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत युनिकोड फाँट सगळ्या संगणकांवर बसवून घेतला की निम्मी कटकट मिटते. हे कुणी शिकवत नाही. संगणक वर्गांतून फोटोशॉप शिकवतात, टॅली शिकवतात. एखाद्या कामाचा ओघ मराठीत कसा मांडायचा याचा तासही नसतो.

खर्चाचे कारण तर आता उरलेलेच नाही. १९९२ मध्ये व्हिजिओ बाजारात आले, २००० मध्ये ते मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि बरीच वर्षे अशा साधनांसाठी पैसे मोजावे लागत. आज ड्रॉ डॉट आयओ, लिबरऑफिस ड्रॉ, गँटप्रोजेक्ट ही सगळी फुकट आहेत. उलट आता जास्तीचा धोका आहे. साधन फुकट, जागा अमर्याद, म्हणून आकृती वाढतच जाते. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैन्यासमोर २००९ मध्ये अशीच एक आकृती ठेवली गेली होती. शेकडो बाणांचे जाळे, सगळे एकमेकांत गुंतलेले. तिथले सेनापती जनरल मॅकक्रिस्टल ती पाहून म्हणाल्याचे प्रसिद्ध आहे की ही आकृती समजली त्या दिवशी आपण युद्ध जिंकलेले असू. म्हणजे नुसते बाण वाढवूनही भागत नाही. ए-थ्री कागदावर, हाताच्या अंतरावरून वाचता येईल इतक्या अक्षरांत जे मावत नाही त्याचे दोन कागद करावेत. मोठ्या कामाला यापेक्षा जास्त लागते हे खरे, पण आपली निम्मी कामे एवढ्यात बसणारी असतात.

सगळे बाण तारखेलाच बांधावेत असेही नाही. सांगलीकरांनी महापुरांतून जो तक्ता पाठ केला आहे तो कॅलेंडरवर चालत नाही, तो फुटांवर चालतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीवर शहराचे कान असतात. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस फूट धोका पातळी. त्याआधीच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता अशी नावे बातम्यांत येऊ लागतात, कारण पाणी आधी तिथे शिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी सत्तावन्न फुटांवर गेली. या तक्त्यात ‘इतके फूट झाले की अमुक वस्ती हलवायची, तमुक दुकानदाराने माल वर घ्यायचा’ असे बाण आहेत. वर महाबळेश्वरला आणि कोयनेच्या पाणलोटात किती पाऊस झाला, धरणातून किती सोडले, कऱ्हाडच्या संगमापुढे पाणी किती फुगले, हे सगळे त्या पहिल्या बाणाच्या मागे उभे असते. नियोजनाचा हा प्रकार व्यापाऱ्यांनी उचलण्यासारखा आहे. ‘१५ तारखेला ऑर्डर द्या’ याऐवजी ‘गोदामात तीनशे पनेट उरली की ऑर्डर द्या’ असे लिहिले तर हंगाम लवकर आला काय अन् उशिरा आला काय, तक्ता चुकत नाही. महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यालाही लग्नसराई आणि लाँग वीकेंड यांच्या तारखांपेक्षा ‘निम्म्या खोल्या बुक झाल्या’ हा इशारा जास्त उपयोगी पडेल.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. अनुभवी माणसाच्या डोक्यात सगळे असते, कागदावर काढायला सांगणे म्हणजे त्याचा वेळ खाणे. स्ट्रॉबेरीच्या बागायतदाराबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण त्याची मुलगी पुण्यात शिकून परत आली आणि शेती पाहू लागली, बँकेने कर्जाचे हप्ते हंगामाला जोडायचे ठरवले, दोन शेतकऱ्यांनी मिळून एकच रोपवाटिका केली, की डोक्यातला तक्ता अपुरा पडतो. दुसऱ्याला तो दिसत नाही, म्हणून त्यात चूकही काढता येत नाही. भिंतीवरच्या आकृतीचा मुख्य फायदा हाच. एखादा मजूर येता-जाता म्हणतो, ‘दादा, हा बाण उलटा आहे, आधी खत जातं मग नळी,’ आणि काम सुधारते. जी आकृती पाहून कुणी वाद घालत नाही, ती बहुधा कुणी वाचलेलीच नसते. सल्लागार कंपन्यांनी केलेले चकचकीत आराखडे या कसोटीला उतरत नाहीत. ते मंजुरीसाठी केलेले असतात. मंजुरी मिळाली की कपाटात जातात.

या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा उपयोग धंद्यात नाही, सरकारी कार्यालयात आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. त्यानुसार कार्यालयांत फलक लागतात. कुठली सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार, नाही दिली तर अपील कुणाकडे, हे सगळे त्यावर असते. फलक चांगला आहे, पण ती चौकटींची यादी आहे. बारावीचा निकाल लागला की इतर मागासवर्गीय मुलाचा बाप याच फलकासमोर गोंधळून उभा असतो. त्याला नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र हवे असते. त्यासाठी जातीचा दाखला आधी हवा आणि तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा. जातीच्या दाखल्यासाठी शाळा सोडल्याचे दाखले, वडिलांचे, आजोबांचे, त्यातही गाव बदलले असेल तर जुन्या गावच्या शाळेचे. जात पडताळणी समितीकडे जायचे तर जातीचा दाखला हाती हवा. प्रत्येक सेवेला कायद्याने ठरवलेले दिवस आहेत, पण त्या दिवसांची बेरीज कुणी सांगत नाही. कुठले अर्ज एकाच दिवशी करता येतात आणि कुठला दुसऱ्याची वाट पाहतो, हेही फलकावर नसते. हा बाप जूनमध्ये पहिला अर्ज करतो तेव्हा लांब वाट प्रवेशाच्या तारखेच्या पुढे गेलेली असते. कायदा कुणीही मोडलेला नसतो, मुलाची जागा मात्र जाते.

महाबळेश्वर-पाचगणी परिसरात बांधकाम करू पाहणाऱ्याचीही हीच गत होते. १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाला, ते योग्यच झाले. मात्र घराची साधी दुरुस्ती करायलाही कुठला कागद कुठल्या कागदाआधी लागतो, हे सामान्य माणसाला एजंटाकडूनच कळते. बाण विकून पोट भरणारा एक वर्ग यातून तयार झाला आहे.

वास्तविक तहसील कार्यालयातल्या अव्वल कारकुनाला हे सगळे बाण झोपेतही सांगता येतील. कार्यालयात संगणक आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, ए-थ्री कागद शंभर रुपयांतही येतो. जिल्हाधिकाऱ्यांनी एका पत्राने प्रत्येक तालुक्याला सांगावे की शैक्षणिक दाखल्यांचा ओघ एका कागदावर, मराठीत, बाणांसह, प्रत्येक बाणावर दिवस लिहून काढा. कागद लावण्याआधी तो सेतू केंद्रातल्या मुलांना आणि चार पालकांना दाखवा, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करा आणि दाखला कधीपर्यंत हवा त्या तारखेपासून उलटी मोजणी करून अर्ज कधी करायचा ते सर्वांत वर ठळक लिहा. ही तारीख बहुतेकांच्या बाबतीत निकालाच्या कितीतरी आधीची, मुलगा अकरावीत असतानाचीच निघेल. म्हणजे कागद लावायची पहिली जागा तहसीलची भिंत नाही. ती जागा कनिष्ठ महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीच्या वेळापत्रकाशेजारी आहे.